एका हाताचा डाव

आप्पांचा मला कधी फोन येत नसे. वडगावहून काही निरोप असला की अव्वा फोन करायच्या आणि मागून आप्पांचा आवाज यायचा, ‘तिला हे पण सांग.’ त्यामुळं त्या दिवशी कागलच्या माझ्या शाळेत, सातवीच्या वर्गापुढं स्थिरचित्रासाठी फळं मांडत असताना मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा हातातलं डाळिंब मी आधी टेबलावर नीट ठेवलं आणि मगच फोन घेतला. ‘मनीषा,’ ते म्हणाले, ‘अभी गेला गं.’ फोन चालू होता. मागं दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती, कुणीतरी कुणाच्या तरी नावानं हाका मारत होतं. शेवटी म्हणाले, ‘कागलात हाईस न्हवं? सावकाश ये. आता घाई करून काय उपेग न्हाई.’

अभी म्हणजे अभिनंदन, आप्पा-अव्वांचा मुलगा, माझा मित्र. ‘झोळी’ नावाचा संगणकावर खेळायचा पत्त्यांचा एक छोटा खेळ त्यानं केला आणि त्या खेळातल्या सगळ्या पानांची चित्रं मी काढली. एवढीच आमची दोघांची मिळून कमाई. त्या दिवशी त्याची डायलिसिसची पाळी होती. नेहमीच्या रिक्षात बसला, रस्त्यातल्या खड्ड्यांवरून रिक्षावाल्याशी दोन शब्द बोलला, आणि सिग्नलला रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं तर मान एका बाजूला कललेली. त्याला वाटलं, डोळा लागला. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. या आजारात असं होतं, हेही सांगितलं. आम्हाला ते ठाऊक होतं. कितीतरी वर्षं आम्ही सगळे ते ठाऊक असलेल्या माणसांसारखेच जगत होतो. अवेळी फोन वाजला की आधी नाव बघायचं, मग श्वास सोडायचा. तो श्वास सोडायची सवय अजून गेलेली नाही. फोन वाजतो, मी नाव बघते, श्वास सोडते, आणि मग आठवतं की आता भ्यायचं काही कारण उरलेलं नाही.

आमची ओळख राजारामपुरीतल्या एका ऑफिसात झाली. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी छोटी कंपनी होती ती. उसाची गाडी काट्यावर आली की पडद्यावर काय दिसलं पाहिजे ते मी काढायचे आणि ते चालतं करायचं काम अभीचं. मी कागलच्या शेतकरी घरातली, चित्रकला शिकलेली. तो पेठ वडगावच्या जैन घरातला, वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. पहिल्याच आठवड्यात त्यानं मी काढलेल्या पडद्यावरची निम्मी बटणं उडवली. मी तावातावानं भांडायला गेले तर मान वर न करता म्हणाला, ‘जी राहिलीत त्यातलं एक काढून दाखव. काढता आलं तर तू जिंकलीस.’ मला काढता आलं नाही. तेव्हापासून आमची दोस्ती. पुढं मी नोकरी सोडून शाळेत आले तरी रविवारी चहाला भेटायचं आणि एकमेकांच्या कामातलं जास्तीचं काय ते काढून टाकायचं, हे सुटलं नाही.

तिशी ओलांडली आणि सकाळी त्याचा चेहरा सुजलेला दिसायला लागला. आम्ही ते जाग्रणावर ढकललं. मग पाय सुजले. मग एकदा ऑफिसच्या जिन्यात तो मधेच बसला आणि बराच वेळ उठेना. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळपास संपलेल्या. रक्तदाब किती वर्षं चढा होता कोण जाणे, कुणी बघितलाच नव्हता. त्यानंतर त्याचं आयुष्य आठवड्यातल्या तीन दिवसांभोवती बांधलं गेलं. डाव्या हाताच्या शिरेत दोन जाड सुया, त्यातून सगळं रक्त मशिनात जाणार, धुतलं जाणार आणि परत येणार. तोवर तो हात जागचा हलवायचा नाही. सुई सरकली तर काय होतं ते त्यानं शेजारच्या खुर्चीवर एकदा बघितलं होतं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, फक्त त्यानंतर हात ठेवायच्या आधी खालची उशी दोनदा दाबून बघायला लागला.

एक हात अडकलेला, एक मोकळा, आणि वेळ जाता जाईना. खेळायचं म्हटलं तर संगणकावरचे बहुतेक खेळ दोन हातांचे, घाईचे, आवाजाचे. म्हणून त्यानं स्वतःच एक करायला घेतला. अटी डायलिसिसच्या खुर्चीनंच घातल्या होत्या. एका हातानं खेळता आला पाहिजे. घाई नको, कारण रक्तदाब घसरला की डोळ्यापुढं अंधारी येते. आवाज नको, कारण आजूबाजूला माणसं झोपलेली. आणि रंगसुद्धा नकोत, पांढऱ्यावर काळं. पहिला नमुना त्यानं मला तिथंच दाखवला. शेजारच्या खुर्चीवर कबनूरच्या एक मावशी असायच्या. घरी यंत्रमाग, जन्म खडखडाटात गेलेला. त्या मान लांब करून बघत होत्या. म्हणाल्या, ‘आवाज न्हाई व्हय ह्येला?’ अभी म्हणाला, ‘न्हाई मावशी.’ त्या म्हणाल्या, ‘मग बरं हाय. मला बी दे मोबाइलात घालून.’

खेळ सांगायला सोपा आहे. एक वाटसरू आणि त्याच्याजवळ एक झोळी. झोळीत मोजकी पानं, म्हणजे पत्ते. वाटेत ओढा, कुत्रं, काटेरी कुंपण, तापलेला माळ असं काही ना काही आडवं येतं. झोळीतून हाताला येतील त्या पानांनी ते पार करायचं. पार केलं की एक नवं पान समोर येतं, ते घ्यायचं की सोडायचं हे तुम्ही ठरवायचं. हरलात की सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून, आणि दर खेपेला वाट वेगळी. नवा माणूस दिसेल ते पान घेत सुटतो. मग झोळी फुगते आणि ऐन वेळी हवं ते पान हाताला लागत नाही. मी पानं काढायचे, अभी त्यातली रेघ न् रेघ कमी करायचा. शेवटी ओढ्याच्या पानावर एकच वाकडी रेघ उरली. मी म्हटलं, ‘हे ओळखणार कोण?’ म्हणाला, ‘ज्याला ओलांडायचाय तो ओळखेल.’

माघार घेता येण्यावरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. चुकून पान पडलं तर ते परत घेता यावं, एवढंच माझं म्हणणं होतं. तो ऐकेना. ‘पडलं ते पडलं,’ म्हणायचा. त्या दिवसांत त्याच्या बोलण्याला अशी धार आलेली असे. कुणी कणव दाखवली की तो अंगावर यायचा.

हे सगळं घरी माहीत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. जैन घरात लहानपणीच सात व्यसनं शिकवतात, म्हणजे ज्यांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही ती. त्यात पहिलं नाव जुगाराचं. आप्पांनी तरुणपणी एका मुनिमहाराजांपुढं नेम घेतलेला, आणि त्यांच्या लेखी पत्ते आणि जुगार यात फरक नव्हता. त्या घरात पत्त्यांचा जोड कधी आलाच नाही. अभीनं पहिल्यांदा पत्ते हातात धरले ते कॉलेजच्या होस्टेलवर, असं तो हसत सांगायचा.

फुटलं ते एका लग्नात. वडगावातच चुलत घरचं लग्न होतं, मीही गेले होते. पंगतीत एका भावानं कौतुकानं मोबाइल आप्पांच्या पुढ्यात धरला. ‘काका, अभीदादानं पत्त्यांचा गेम केलाय बघा. भाईरच्या देशातली माणसं खेळायला लागलीत.’ आप्पांनी बघितलं. घास हातातच होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला, पाण्यानं हात धुतला आणि उठले. पंगतीतून ते असं उठताना कुणी कधी बघितलं नव्हतं. घरी गेल्यावर पुढच्या सोप्यात त्यांनी अभीला समोर उभं केलं. मी दाराशी होते, निघावं की थांबावं कळेना.

‘तू केलास ह्यो?’

‘व्हय.’

‘पत्त्यांचा?’

‘व्हय आप्पा. पण यात पैसा लावत नाहीत. एकट्यानं खेळायचा आहे.’

‘पैशाचं मी इचारलं न्हाई,’ आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. ‘माणूस एकदा हरला की पुन्हा मांडतो. पुन्हा हरतो, पुन्हा मांडतो. पैसा नंतर येतो. आधी ही खाज येती. ती तू लावायला लागलास लोकांना.’

डाव्या हातावरची पट्टी अभी उजव्या हातानं नुसती चाचपत राहिला. आप्पांची नजर तिकडं गेली, क्षणभर तिथं थांबली, आणि ते उठून दुकानात गेले. त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोलायचे बंद झाले.

आणि नेमका हाच काळ नवी किडनी बसवायच्या खटपटीचा होता. अव्वांचा रक्तगट जुळत नव्हता, आप्पांचा जुळत होता. पुढच्या तपासण्यांसाठी दोघांनी एकत्र पुण्याला जायचं ठरलेलं. अभी अडून बसला. ‘जो माणूस माझ्याशी बोलत नाही, त्याच्या पोटातलं मी कसं काढून घेऊ?’ म्हणाला. अव्वांनी हे आप्पांना सांगितलं. आप्पांचा उलट निरोप आला, ‘किडनी देतो म्हणावं. बोलायचं काय असंल ते नंतर बघू.’ अव्वा मला फोनवर हे सांगताना हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. महिने चालले होते. अभीचं वजन उतरत होतं. तपासणीची तारीख ठरायची आणि मोडायची.

शेवटी जुलैत अव्वांनीच बोलावून घेतलं. ‘दोघांना एका खोलीत कोंडतो मी,’ म्हणाल्या, ‘तू फकस्त त्याला घेऊन ये.’ पाऊस लागून राहिला होता, पण महामार्ग चालू होता. डायलिसिस आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं वडगावला गेलो. मुक्काम करून सकाळी परतायचं होतं. त्या संध्याकाळी बोलणं काही झालं नाही. आप्पा दुकानातून आले, सूर्य मावळायच्या आत जेवले आणि जप करत बसले. सकाळी उठलो तर बातमी आली, पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद केली. वर वारणेलाही पूर. वडगाव मधल्या पट्ट्यात अडकलं होतं, आणि अभीची मशिनची पाळी त्याच दुपारी होती.

पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांना धीर दिला. उद्या उतरेल पाणी, सगळे म्हणत होते. अलीकडच्या भागात दोन ठिकाणी मशिनं आहेत असं कळलं. एका ठिकाणची वीज गेलेली, दुसरीकडं अडकलेल्या पेशंटांची आधीच रांग. दुसऱ्या दिवशी अभीला जिना उतरताना पाय उचलेना. तिसऱ्या दिवशी ओठाला मुंग्या यायला लागल्या. मी कोल्हापुरातल्या डायलिसिस सेंटरला फोन केला. तिथल्या सिस्टर एरवी चेष्टेखोर, पण त्या दिवशी एकेक शब्द तोलून बोलल्या. रक्तात पोटॅशियम साठत असणार, त्यानं हृदयाची लय बिघडते. फळं नाही, शहाळं नाही, पाणी फक्त ओठ ओले करण्यापुरतं. काहीही करून त्याला आणा, आणि वाटेत झोपू देऊ नका, बोलतं ठेवा. चारी बाजूंनी पाण्याचा वेढा आणि त्याला घोटभर प्यायची चोरी. अव्वा देवघरापुढं बसल्या त्या उठेनात.

आप्पा छत्री घेऊन बाहेर पडले. परत आले ते एका दहाचाकी ट्रकच्या केबिनमधून. पशुखाद्याची गाडी होती, ड्रायव्हर शिवा दुकानात माल उतरवणारा, ओळखीचा. ‘पाणी जरा उतरलंय म्हणत्यात. उंच गाडी सोडतील तर आपली सोडतील,’ शिवा म्हणाला. अभीला आप्पांनी आणि मी उचलून केबिनमध्ये चढवलं. खिडकीशी आप्पा, मधे अभी, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर मी. लॅपटॉपची पिशवी अभीनं सोडली नाही, छातीशी धरून बसला. आप्पांनी ती बघितली.

टोप गावाच्या पुढं गाड्यांची रांग लागलेली. आडवा दोर बांधून पोलीस उभे होते. दूध आणि औषधांच्या गाड्या तेवढ्या सोडत होते, त्याही थांबवून थांबवून. आप्पा खाली उतरून गेले. खिडकीतून ऐकू येत होतं. ‘पावणं, डायलिसिसचं पोरगं हाय गाडीत. तीन दीस झाले मशिन मिळालं न्हाई.’ पोलीस पोरसवदा होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला. म्हणाला, ‘आजोबा, मघाशी एक टेंपो वाहून जाता जाता राहिला. वरनं निरोप आल्याशिवाय मी सोडू शकत न्हाई. बसा गाडीत. आला की पहिली तुमची सोडतो.’ आप्पा परत येऊन बसले. वायपर चालू होते. पुढं रस्ता होता तिथं नुसतं तपकिरी पाणी, आणि त्यातून दुभाजकावरची कण्हेरीची झुडपं शेंड्यापुरती दिसत होती.

अभीचे डोळे मिटायला लागले. मी हाक मारली की ‘हं’ म्हणायचा, पण ‘हं’ दर वेळी लांबून यायला लागला. मी ऑफिसच्या गोष्टी काढल्या, भांडणं काढली. शिवानं गाणं लावलं, बंद केलं. काय बोलावं ते संपत आलं. आप्पा समोर काचेकडं बघत होते. हात गुडघ्यावर, बोटं आवळलेली. आणि एकदम म्हणाले, ‘ते काढ तुझं.’

अभीनं डोळे उघडले.

‘खेळ ते,’ आप्पा म्हणाले. ‘मी बघतो.’

इतक्या महिन्यांनंतर ते त्याच्याशी बोलले ते हे. अभीनं लॅपटॉप उघडला. मांडीवर ठेवला, एका हातानं सुरू केला. बोटं जड झाली होती, कळ दाबायच्या आधी थांबत होती. वाटसरू निघाला. ओढा आला, कुत्रं आलं. आप्पा आधी नुसते बघत होते, मग चष्मा पुसून पुन्हा लावला. काही वेळानं नवं पान पुढं आलं आणि अभीचं बोट त्याच्याकडं गेलं.

‘ते नको घेऊस,’ आप्पा म्हणाले.

‘का?’

‘आधीच झालीत की जास्त. लागंल ते हाताला येईना झालंय तुझ्या.’ मग जरा थांबून, जणू दुकानातल्या कुणाला सांगावं तसं म्हणाले, ‘परिग्रह झाला की ह्यो.’

गरजेपलीकडचं जवळ बाळगणं याला जैन घरात परिग्रह म्हणतात. रोजच्या बोलण्यातला शब्द. अभी हसला. ओठ नीट हलत नव्हते, पण हसला. ‘हेच आहे आप्पा यात. दुसरं काही नाही,’ म्हणाला. ते पान त्यानं सोडलं. तरी थोड्या वेळात तापलेल्या माळावर वाटसरू पडला आणि पडदा कोरा झाला. ‘मागं जाता येत न्हाई?’ आप्पांनी विचारलं. ‘न्हाई. पहिल्यापासनं.’ आप्पांनी मान हलवली. ‘मग मांड पुन्हा. झोपू नको.’

तो पुन्हा खेळला, आणि पुन्हा. आप्पा आता प्रत्येक पानावर बोलत होते, हे ठेव, ते टाक, ह्याचं काय करायचं. अभीच्या जिभेला जडपणा आला होता, उत्तरं तुटक येत होती, पण येत होती. मी मागं बसून त्याच्या मानेवरची शीर बघत होते. ती मधेच भरभर उडायची, मधेच थांबल्यासारखी व्हायची. सिस्टरांना फोन लावला तर रेंज गेलेली. लॅपटॉपची बॅटरी लाल झाली तेव्हा शिवानं ‘ह्येच्यावर चालतंय का बघा’ म्हणत स्वतःचा मोबाइल पुढं केला. नेमका त्याच वेळी पोलीस धावत आला आणि बोनेटवर थाप मारून म्हणाला, ‘काढा गाडी. मधनं चालवा, थांबू नका.’

त्या पाण्यातून गेलो ते मला अजून स्वप्नात दिसतं. शिवानं पहिला गिअर टाकला तो बदलला नाही. चाकं बुडाली, मग पायरी बुडाली, मग केबिनच्या तळातून पाणी आत आलं आणि आमचे पाय भिजले. इंजिनचा आवाज घोगरा झाला. गाडी एकदा डाव्या अंगाला सरकली, खरोखर सरकली, आणि शिवाच्या तोंडून आईचं नाव निघालं. आप्पांनी डावा हात दाराला लावला आणि उजव्या हातानं अभीला छातीपाशी आवळून धरलं. णमोकार मंत्र म्हणत होते, आवाज न करता, ओठांनीच. पूल आला तेव्हा रस्ता दिसायला लागला. शहरात शिरलो आणि सेंटरच्या दारात सिस्टर स्वतः व्हीलचेअर घेऊन उभ्या होत्या. ईसीजीचा कागद बघून डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन भरलं. सुया लागल्या, मशिन फिरायला लागलं, आणि आम्ही दोघं ओल्या कपड्यांनिशी बाहेरच्या बाकावर बसलो. कितीतरी वेळानं काचेतून अभीनं उजवा हात वर केला. तेव्हा आप्पा उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पाणी ओसरल्यावर दोघं मिळून पुण्याला गेले. तपासण्यांत निघालं की आप्पांच्या साखरेनं त्यांच्याही किडन्या पोखरायला घेतल्या आहेत, त्यांची किडनी घेता येणार नाही. आप्पांनी डॉक्टरांशी वाद घातला. ‘मी लिहून देतो,’ म्हणाले, ‘माझं काय व्हायचं ते होऊ दे.’ डॉक्टरांनी शांतपणे नाही म्हटलं. वर्षभर आधी आला असतात तरी उत्तर हेच असतं, हेही सांगितलं. आप्पांना ते पटलं नाही. कधीच पटलं नाही. आपण बोललो नाही त्या महिन्यांत काहीतरी निसटलं, हे त्यांच्या डोक्यातून अभी असेपर्यंत गेलं नाही आणि आता जाणं अवघडच आहे.

पण ते बोलायला लागले. फार बोलायला लागले. दुकानात बसून मोबाइलवर ‘झोळी’ खेळत नसत, नेम तो नेमच. पण अभी खेळत असला की शेजारी बसून ‘टाक, टाक’ म्हणायचे. नेम मोडला का, असं अव्वांनी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘मी कुठं हात लावला?’ बाहेरच्या दात्याच्या किडनीची वाट बघत वर्षं गेली. दोनदा पुण्याहून फोन आला, एकदा तर गाडीत बसून निम्म्या वाटेवर पोचले होते, तेव्हा ती दुसऱ्या कुणाला जास्त जुळते म्हणून परत यावं लागलं. त्या दिवशी अभीनं मला एवढंच लिहून पाठवलं, ‘पहिल्यापासनं.’

शेवटची भेट त्याच्या राजारामपुरीतल्या खोलीवर झाली, रविवारी दुपारी. थकलेला दिसत होता, कातडी काळवंडलेली, पण कामात होता. पान परत घेण्याची सोय तो खेळात घालत होता. मी बघतच राहिले. एकदाच मिळणार, म्हणाला, साऱ्या वाटेत एकदा. मी विचारलं, ‘पडलं ते पडलं, त्याचं काय झालं?’ तर म्हणाला, ‘कबनूरच्या मावशींचं बोट थरथरतं आता. त्यांच्याकडनं चुकून पडतं पान. ती काय त्यांची चूक आहे?’ मग जरा वेळानं, पडद्याकडं बघतच, ‘मी उगंच कडक होतो गं.’ निघताना जिन्यापर्यंत आला. त्याला चढ-उतार नको असायचा, तरी आला.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी आप्पांना घेऊन ती खोली मोकळी करायला गेले. मोकळं करण्यासारखं फार नव्हतंच. दोन चादरी, चार शर्ट, पुस्तकं, चार्जरच्या वायरी. स्वयंपाकाच्या ओट्यावर स्टीलचं एक छोटं फुलपात्र पालथं घातलेलं होतं. आप्पांनी ते सुलटं केलं तर आत, कडेच्या बऱ्याच खाली, खिळ्यानं ओढलेली रेघ. त्यांनी माझ्याकडं बघितलं. किडनी गेलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे त्यांना माहीत होतं, पण कशानं मोजतो ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. वडगावला आला की तो सगळ्यांसारखा तांब्यातूनच थोडं ओतून घ्यायचा, आणि अव्वांचं लक्ष नसताना उरलेलं तुळशीत टाकायचा.

‘हे दिवसाचं?’ आप्पांनी विचारलं.

‘सकाळचं,’ मी म्हटलं. ‘दुपारपर्यंत.’

त्यांनी फुलपात्र विसळलं, नळाखाली धरून रेघेपर्यंत भरलं, खिडकीच्या उजेडात धरून बघितलं आणि उभ्यानंच प्यायले. एका घोटात संपलं. रिकामं फुलपात्र हातात धरून ते तसेच उभे राहिले. बाकीचं सामान शेजाऱ्यांना देऊन टाकलं. ते तेवढं त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात घातलं.

परवा वडगावला जाऊन आले. अव्वांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, आणि आप्पांच्या पुढ्यात ते फुलपात्र. सकाळची वेळ होती. त्यांनी ते उचललं, घोट घेतला, मिटल्या तोंडात बराच वेळ धरून ठेवला, मग गिळला. अव्वा माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, ‘दुपारपातूर दुसरं घेत न्हाईत. मी बोलून थकलो. तू तरी सांग.’ आप्पांनी फुलपात्र खाली ठेवलं आणि बोटानं आतली रेघ चाचपली.

‘तहान लागती गं,’ ते म्हणाले. ‘लई लागती. तो कसा काय गप बसायचा...’